भालेडाँड्याच्या बकरीचं बाळंतपण

लुंबिनीहून आमच्या विहारातली सगळी मंडळी बसने सोलापूरला परत निघाली आणि आम्ही दोघं नवरा-बायको रस्त्याच्या कडेला हात हलवत उभे राहिलो. खिडकीतून सगळे आमच्याकडे फार हळहळून बघत होते. दोष आमच्या मुलीचा. ती पुण्यात नोकरी करते आणि मोबाइलवर जगात कुठेही खोली ठरवू शकते. "बाबा, एवढं नेपाळला जाताय, तर डोंगरातल्या एखाद्या खेड्यात चार दिवस राहून या. खरं गाव बघायला मिळेल," असं ती म्हणाली होती.

खरं गाव बघायची मला हौस नव्हती. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी सांगोला तालुक्यातल्या गावांत गेली. पशुधन पर्यवेक्षक म्हणजे, जनावरांच्या डॉक्टरांना जे काम करायचा कंटाळा येतो ते करणारा माणूस. शेळ्या-मेंढ्यांना लसी टोचणं, बोकड खच्ची करणं, अडलेल्या गाई-म्हशी सोडवणं. माझी बायको सुमन हिने या नोकरीला कधी नावं ठेवली नाहीत, पण नोकरीवरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय मला कधी उंबराही ओलांडू दिला नाही. बोकडाचा वास तिला डोक्यात जातो. सबंध वसाहतीत न्हाणीघराला बाहेरून दार असलेलं आमचं एकच घर.

तर असे आम्ही पोखऱ्याला गेलो आणि तिथून जीपने डोंगरात.

चढ

गावाचं नाव भालेडाँडा. हे नाव ऐकल्यापासून सुमन धास्तावलेली होती. "भाले अन् दांडे? कसली मानसं असतील तितं?" मी जीपवाल्याला हिंदीत विचारलं. भाले म्हणजे कोंबडा आणि डाँडा म्हणजे डोंगराची धार, असं तो म्हणाला. "म्हंजी कोंबडेवाडी की," असं म्हणून सुमन एकदम निर्धास्त झाली.

जीप जिथे थांबली तिथे रस्ताच संपला होता. आम्हाला न्यायला एक साठीचे गृहस्थ आले होते. छाती पुढे, मिशा पांढऱ्या, डोक्यावर नेपाळी टोपी. भारतीय सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. हिंदी उत्तम आणि पुण्यात दोन वर्षं काढल्यामुळे मराठीही येतं, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. त्यांचं मराठी म्हणजे एकच वाक्य होतं, "पुढे चला!" पुण्याच्या सिटी बसमध्ये शिकलेलं. पण त्या चार दिवसांत त्या एका वाक्यावर त्यांनी काय काय भागवलं!

जीपवाला त्यांना 'दाइ, दाइ' म्हणत होता. सुमन माझ्या कानाशी लागली. "अहो, गड्याला दाई म्हनत्यात? हे बाळंतपनं करत्यात का काय?" मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "करत असतील. देश वेगळा आहे."

"गाव किती लांब?" मी हवालदारांना विचारलं.

"बस, दस मिनट."

सोलापूरच्या माणसाला चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. तोही आम्ही रिक्षाने चढतो. इथे दगडी पायऱ्या सुरू झाल्या त्या ढगातच जात होत्या. अर्ध्या तासाने मी परत विचारलं. "दस मिनट." एका तासाने विचारलं. "दस मिनट." आमच्या दोन्ही बॅगा पाठीवरच्या वेताच्या टोपलीत टाकून, टोपलीचा पट्टा कपाळावर अडकवून ते शीळ घालत चालले होते आणि मी पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत होतो. मी थांबलो की वरून आवाज यायचा, "पुढे चला!"

दोन तासांनी गाव आलं. वीसेक घरं, दगडाच्या भिंती, वर दगडाच्याच पातळ फरश्यांची छपरं, खाली पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि समोर, आकाशात, बर्फाचा डोंगर. मी पाण्याची बाटली खाली ठेवली. सुमन पायरीवर बसली आणि म्हणाली, "एवढं मोठं हाय आन् आवाज कायच न्हाय."

आमा

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या बाईंना सगळं गाव आमा म्हणतं, म्हणजे आई. पासष्टीच्या, ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, नाकात मोठी सोन्याची फुली. घरात एकट्याच. नवरा वारलेला, एकुलता मुलगा कतारला बांधकामावर. आमांना नेपाळी आणि त्यांची गुरुंग भाषा यांशिवाय काही येत नव्हतं आणि सुमनला सांगोल्याच्या मराठीशिवाय. हिंदी ती बोलते, पण ते हिंदी आहे हे आधी सांगावं लागतं.

घरात धान्याच्या कणगीवर बुद्धाची तसबीर होती. सुमनने हात जोडले, आमांनी सुमनकडे बघून हात जोडले आणि तेवढ्यावर दोघींचं जमलं. संध्याकाळी चुलीपुढे दोघी शेजारी बसल्या. सुमन म्हणाली, "ही नाचनीच हाय की! हितं बी नाचनी!" आमा म्हणाल्या, "कोदो." सुमन म्हणाली, "तेच ते." नाचणीच्या पिठाचा घट्ट घाटा, त्याला ढिंडो म्हणतात, आणि बरोबर आंबवून वाळवलेल्या पाल्याची आमटी. ढिंडो चावायचा नसतो, गोळा करून आमटीत बुडवून गिळायचा असतो. मी चावला आणि पहिला घास सहाव्या मिनिटाला संपला.

सुमननेही पिशवीतून आपल्या कडक भाकरी काढल्या. आमांनी एक हातात घेतली, बोटाने वाजवून बघितली, उजेडासमोर धरली आणि फार आदराने कणगीवर तसबिरीशेजारी नेऊन ठेवली. ती खायची असते हे समजावून सांगायला हवालदारांना बोलवावं लागलं.

जेवणाआधी आमांनी मला पितळी वाटीत किटलीतून वाफाळतं पाणी दिलं होतं. थंडी मरणाची. मी मोठा घोट घेतला. घशापासून बेंबीपर्यंत रेघ ओढल्यासारखं झालं. वास अंमळ वेगळा आला, म्हणून खात्री करायला मी दुसरा घोट घेतला. तेवढ्यात दारातून हवालदार कौतुकाने म्हणाले, "हमारा कोदो का रक्सी! घर में बनाया!"

तीनच दिवसांपूर्वी लुंबिनीत सगळ्यांबरोबर मी पंचशील घेतलं होतं. पाचवं शील दारू पिऊ नये हे. मी सुमनकडे बघितलं. दुसऱ्याच्या घरात थुंकायचं कुठे?

"गिळा आता," ती म्हणाली. "न कळत झालं, त्याचं कायी न्हाय. पन दुसरा घोट कशाला घ्यायचा म्हंते मी?"

धार

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन अंगणात नव्हती. गावाच्या मधोमध दगडी तोंडातून झऱ्याचं पाणी सतत पडतं, त्याला धारा म्हणतात. तिथे ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कवाधरनं बघती मी, कुनी बंदच करंना! कोन हाय का न्हाय गावात?"

मी सांगितलं, याला तोटी नसते, हे रात्रंदिवस वाहतं.

"रातभर? आन् जातं कुटं?"

"खाली. नदीला."

तिचा जीव कासावीस झाला. तिचं माहेर सांगोल्याकडचं. तिथे टँकर आल्यावर कळशी-कळशीसाठी पळालेली बाई ती. मी दात घासून येतो तर तिने आपला जुना टॉवेल पिळून त्या दगडी तोंडात बोळ्यासारखा गच्च कोंबला होता. पाणी थांबलं. सुमनच्या चेहऱ्यावर असं समाधान मी मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"काढ तो आधी," म्हणत मी जवळ गेलो, वाकलो आणि त्याच क्षणी तो बोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटून माझ्या छातीवर बसला. मागून सगळं साठलेलं पाणी. बर्फाच्या डोंगरातून आलेलं पाणी किती गार असतं हे कुणाला जाणून घ्यायचं असेल तर मला विचारावं. धाऱ्यावर आलेल्या बाया घागरी खाली ठेवून हसत सुटल्या. सगळ्यांत जास्त आमा हसल्या. पदराच्या टोकाने डोळे पुसत त्यांनी सुमनचा हात धरला आणि तिला घरी घेऊन गेल्या. माझा हात कुणी धरला नाही.

मी चुलीपुढे कुडकुडत बसलो असताना हवालदारांनी विचारलं, मी काय काम करत होतो? मी 'पशुसंवर्धन' हा शब्द हिंदीत कसा सांगावा याचा विचार करत होतो, तोवर सुमन बोलून गेली, "डाक्टर हैत, डाक्टर!"

तासाभरात ओट्यावर सात माणसं बसली होती. एका बाईचा गुडघा, एकाचा खोकला. एका म्हाताऱ्याने न विचारता माझ्यापुढे तोंड उघडलं. त्यात दोन दात होते आणि दोन्ही दुखत होते. मी हवालदारांना म्हटलं, "मी माणसांचा डॉक्टर नाही. जनावरांचा. आणि तसा डॉक्टरही नाही." त्यांनी भाषांतर केलं. सगळे खो-खो हसले आणि उठले. गुडघेवाली बाई तेवढी उठली नाही. ती काय म्हणतेय म्हणून विचारलं, तर हवालदार म्हणाले, "बोलती है, भैंस को भी घुटना होता है."

मी तिला शेक घ्यायला सांगितलं. तो सल्ला मी म्हशींनाही देत असे.

दुपारी आमांच्या मुलाचा कतारहून व्हिडिओ कॉल आला. त्याचं पहिलं वाक्य मलाही कळलं, "बाख्री कस्ती छ?" बकरी कशी आहे? जाण्याआधी त्याने ही पाठ, म्हणजे न व्यालेली बकरी, हौसेने आणली होती, आता ती पहिल्यांदाच व्यायची होती. आमांनी फोन घेऊन गोठ्यात जाऊन तिला दाखवली. काळीभोर, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. मुलगा तिच्याशी बराच वेळ बोलला. मग म्हणाला, "आमा, तिमी?" आई, तू? आमा फोनवर फणकारल्या. आधी बकरी, मग आई, हे रोजचंच असावं.

बकरी

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा अजून चुलीवर होता. आमा धावत आल्या आणि माझा दंड धरून मला ओढतच गोठ्यात घेऊन गेल्या.

बकरी आडवी पडली होती. पहाटेपासून कळा देत होती, पाणी जाऊन बराच वेळ झाला होता. कळ आली की मान ताठ करून ओरडायची. जनावराचं ते ओरडणं मी ओळखतो. त्यानंतर फार वेळ नसतो. खालच्या गावात पशुवैद्यकाचं केंद्र होतं, पण ते उतरायलाच तीन तास. तेही खरे तीन तास.

मी बाह्या सरसावल्या आणि थांबलो. माझा उजवा हात निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका बैलाने दाव्यात पिळला होता. दोन बोटं वाकत नाहीत. आणि हात मुळातच जाडजूड. म्हशीला चालतो. पहिलारू लहान बकरीला हा हात म्हणजे तिचा जीव घेणं. हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं. आमा माझ्याकडे बघत होत्या. सबंध गावात आदल्या दिवशी मीच डॉक्टर ठरलो होतो.

"लहान हाताचं माणूस पाहिजे," मी म्हटलं.

सुमन दारात नाकाला पदर लावून उभी होती. तिने हवालदारांकडे बोट केलं. "ह्ये दाई हैत न्हवं? मग ह्येंनाच घालू द्या की हात!"

हवालदारांना मी भाषांतर करून सांगितलं. ते दोन पावलं मागे सरकले. दाइ म्हणजे मोठा भाऊ, असं त्यांनी घाईघाईने समजावलं. त्यांनी दोन लढाया पाहिल्या होत्या, पण हे त्यांच्याने बघवत नाही. आमांचे हात वाताने सुजलेले. मी सुमनच्या हातांकडे बघितलं. तिला लहानपणापासून सव्वादोनच्या बांगड्या.

"माज्याकडं बगू नका," ती म्हणाली.

"मी सांगतो तसं कर. मी इथेच आहे."

"जन्मात हात लावला न्हाय मी शेळीला!"

बकरी पुन्हा ओरडली. आमा तिचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसल्या होत्या. त्यांनी सुमनकडे बघितलं.

सुमनने नाकावरचा पदर काढून कमरेला खोचला. "आता काय करायचं सांगा."

"आधी बांगड्या काढ."

"तुमी जित्ते असताना?" ती खेकसली. मग स्वतःच साबण लावून एक-एक बांगडी उतरवली आणि आमांच्या ओटीत टाकली. नखं कापली, कोपरापर्यंत हात गरम पाण्याने धुतला, त्यावर मोहरीचं तेल. डोळे गच्च मिटून तिने हात घातला.

"डोकं लागतंय का?"

"गुळगुळीत कायतरी हाय... तोंड हाय, दात हाईत बारीक. अन् पाय. एक, दोन... अहो, तीन पाय हैत!"

"घाबरू नको. दोन पिल्लं आहेत, एकदम यायला बघताहेत. तोंडाजवळचा पाय कुठला ते सांग. खुरापासून वर ये. पहिला सांधा आणि दुसरा सांधा एकाच बाजूला वाकतात का?"

"एकीकडंच वाकत्यात."

"तो पुढचा पाय. आणि बाकीचे दोन?"

"उलटं. ह्ये उलटं वाकत्यात."

"ते दुसऱ्याचे मागचे पाय. त्यांना आत ढकल, हळू. कळ आली की थांब, कळ गेली की ढकल."

कळ आली. सुमनचा हात आत आवळला गेला, तिने ओठ चावला. "बाई गं, दम धर जरा, तुजंच काम चाललंय," ती बकरीला म्हणाली. डोक्याशी आमा त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होत्या. बकरीला दोन्ही कळत असावं, कारण ती मला सोडून दोघींचं ऐकत होती.

एवढ्यात हवालदारांच्या हातातला आमांचा फोन वाजला. कतार. त्यांनी गडबडीत कॉल घेतला आणि मुलगा पडद्यावर आला, पिवळं हेल्मेट घातलेला, कंपनीच्या बसमध्ये. त्याला एका अनोळखी बाईचा हात आपल्या बकरीत दिसला. तो ओरडायला लागला. हवालदारांनी त्याला फक्त दोन शब्द सांगितले, "पुढे चला!" त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो गप्प झाला.

"पहिल्याचा दुसरा पुढचा पाय मागे दुमडलाय," मी म्हटलं. "मानेवरून खाली जा. खूर सापडला की तळहातात झाक, म्हणजे आत टोचणार नाही, आणि पुढे आण."

किती वेळ गेला कळलं नाही. सुमनच्या कपाळावरून घाम टपकत होता. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "माज्या मुठीत खूर हाय."

"आण."

आला. दोन पाय, त्यावर तोंड. "आता कळेबरोबर ओढ, खालच्या अंगाला." एक कळ, दुसरी कळ, आणि एक काळं, चिकट पिल्लू सुमनच्या मांडीवर घसरलं.

ते हललं नाही. मी नाक-तोंड पुसलं, गवताने घासलं. काही नाही. पडद्यावरच्या मुलाने हेल्मेट काढलं. मी गवताची एक काडी घेऊन पिल्लाच्या नाकपुडीत फिरवली. पुन्हा फिरवली. आणि ते शिंकलं. इतकी बारीक शिंक, की आम्हाला ऐकू आली ती सगळ्यांनी श्वास रोखले होते म्हणून.

दुसरं पिल्लू आपसूक, पायांकडून आलं, कुणाला त्रास न देता. दोन्ही पाठी. आमांनी बकरीचं डोकं खाली ठेवलं आणि सुमनच्या तेलकट, माखलेल्या हाताला आपला गाल लावला. सुमन रडत होती आणि मला म्हणत होती, "मी रडत न्हाय, वास येतुय म्हनून पानी येतंय डोळ्याला."

त्या दिवशी दुपारी ओट्यावर परत माणसं जमली. या वेळी सुमनला बघायला. तिला सगळे 'डाक्टरनी' म्हणत होते. गुडघेवाली बाईही आली आणि आता तिने गुडघा सुमनपुढे धरला. हवालदारांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघून विचारलं, "तो आप कंपौंडर थे?"

मी हो म्हटलं. सगळ्या नोकरीत माझं पद इतक्या अचूकपणे कुणी सांगितलं नव्हतं.

निरोप

चौथ्या दिवशी निघालो. आमांनी त्या आंबवलेल्या पाल्याचं एवढं मोठं गाठोडं दिलं की गोरखपूरहून आमच्या डब्यात कुणी जवळ बसलं नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी दोघी उभ्या राहिल्या. सुमन म्हणाली, "पिल्ली उन्हाला काढत जावा." आमा नेपाळीत बरंच काही म्हणाल्या. सुमन म्हणाली, "व्हय, व्हय." उतरताना मी विचारलं, काय म्हणाल्या? "बाईचं बोलनं तुमाला काय कळायचं," असं म्हणून ती माझ्यापुढे भराभरा उतरत गेली.

आता सोलापूरला येऊन काही महिने झाले. दर रविवारी दुपारी आमांचा कॉल येतो. त्या फोन गोठ्यात नेतात, पाठी दाखवतात. सुमन इथून त्यांना हाका मारते. मग अर्धा तास दोघी एकाच वेळी बोलतात, ही मराठीत, त्या नेपाळीत, कुणीच कुणासाठी थांबत नाही. फोन ठेवल्यावर सुमन मला बातम्या सांगते, पाऊस लई झालाय, मका चांगला आलाय, हवालदारांच्या पायाला लागलंय. हे तिला कसं कळतं हे मी विचारायचं सोडून दिलंय.

गेल्या रविवारी पडद्यावर एक तरुण चेहरा आला. आमांचा मुलगा, कतारहून रजेवर आलेला. उत्तम हिंदी बोलणारा. त्याने मला नमस्कार केला, सुमनला दोनदा केला आणि उत्साहाने म्हणाला, आता तुम्ही हिंदीत बोला, मी आमाला नेपाळीत सांगतो, आमाचं तुम्हाला हिंदीत सांगतो. मला बरं वाटलं. मीही सरसावून बसलो. आमा काहीतरी बोलल्या, त्याने भाषांतराला सुरुवात केली, "आमा बोल रही है कि..."

"तू गप की जरा, त्येंना बोलू दे," सुमन त्याला म्हणाली.

त्याच वेळी पलीकडून आमांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि कोपराने त्याला बाजूला सारलं. क्षणभर पडद्याच्या कडेला त्याचा चेहरा दिसला. मी इकडून त्याच्याकडे बघितलं, त्याने तिकडून माझ्याकडे. मग आम्ही दोघंही उठून आपापल्या घराबाहेर जाऊन बसलो.